डाळीशिवाय ताट

सिंदी मेघे गावाशेजारच्या वर्धा शहरात मगनवाडी आहे. १९३४ साली तिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. एक लाख माणसांच्या समतोल आहारासाठी कोणत्या पिकाला किती जमीन लागेल, हे संघाचे जे. सी. कुमारप्पा यांनी मांडले. धान्याबरोबर डाळ, दूध, भाजी, फळे, तेल, सगळेच त्यात होते. ताटाची सुरुवात शेतातून होते, ही त्यांची दृष्टी आजही मोलाची आहे.

पण किती खावे, याचा एकच आकडा सर्वांना लागू पडत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठे काम करणाऱ्या स्त्रीला रोज सुमारे १६६० कॅलरी पुरतात, कष्टाचे काम करणारीला २७२० लागतात. कार्यालयात बसणारी आणि दिवसभर कापूस वेचणारी, दोघींची भूक सारखी कशी असेल?

पण पोट भरले म्हणजे पोषण झाले, असे नाही. परिषदेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या आहारात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी आणि ४०० ग्रॅम भाज्या आहेत. रेशनवर मात्र प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, डाळीचा हक्क नाही.

वर्धा जिल्ह्यात तूर पिकते. ती सरकारने हमीभावाने घेऊन इथल्याच रेशन दुकानांत दरमहा द्यावी.