मेळाव्यातील मदत आणि बाजारातील हक्क

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आंजी (मोठी) हे गाव केवळ शेतीवर जगणारे गाव नाही. आसपासच्या लहान खेड्यांचा व्यवहार अशाच मोठ्या गावांतून चालतो. किराणा, कापड, बी-बियाणे व खते यांची दुकाने, मोटारसायकल दुरुस्तीची टपरी, शिंप्याचे यंत्र, सुताराचा रंधा, लोहाराचा भाता, न्हाव्याची खुर्ची, भाजीवालीची पाटी, चहाची हातगाडी अशी कितीतरी कुटुंबे भोवतालच्या कापूस-सोयाबीन उत्पादकाच्या खिशातून येणाऱ्या चार पैशांवर उभी असतात. त्यांना कोणी कारखानदार म्हणत नाही. स्वतःची मजुरी स्वतःलाच देणारी, मालक म्हणवली जाणारी पण मजुराहून निराळी नसलेली ही माणसे आहेत. त्यांचा प्रश्न हा समाजवादी चळवळीचा प्रश्न आहे की नाही, याचे उत्तर कार्यकर्त्यांनी आता द्यावयास हवे. कारण चळवळीने मोकळी सोडलेली ही जागा दुसऱ्या कोणी तरी केव्हाच व्यापली आहे.

ती जागा व्यापली आहे आमदारांच्या जनसंपर्क मेळाव्यांनी. हा कोणा एका आमदाराचा किंवा एका पक्षाचा दोष नव्हे. राज्यातील बहुतेक सर्व पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी ही रीत आपलीशी केली आहे. २०२३ साली राज्य सरकारने ‘शासन आपल्या दारी’ या नावाने तिला अधिकृत रूपही दिले. मांडव घातला जातो, व्यासपीठावर हारतुरे होतात, लाभार्थ्यांची नावे पुकारली जातात. कोणाला शिवणयंत्र, कोणाला कर्जमंजुरीचे पत्र, कोणाला अवजारांची पेटी दिली जाते. छायाचित्र निघते, आणि लाभार्थी हात जोडून आभार मानतो. हे हात जोडणे कशासाठी, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

प्रथम पैसा कोणाचा ते पाहू. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली, आणि तिच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातच पंतप्रधानांच्या उपस्थितीत झाला. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, गवंडी अशा अठरा व्यवसायांतील कारागिरांना अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, आणि ५ टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांचे कर्ज, असे तिचे स्वरूप ठरविण्यात आले. या योजनेत अर्जाची पहिली छाननी ग्रामपंचायतीकडे, दुसरी जिल्हा समितीकडे आणि तिसरी निवड समितीकडे ठेवण्यात आली. या संपूर्ण साखळीत आमदाराच्या शिफारशीची अट कोठेही नाही. पैसा करदात्याचा, छाननी पंचायतीची, कर्ज बँकेचे, परतफेड कारागिराची. मग व्यासपीठावर दाता म्हणून उभे राहणारा कोण?

तो उभा राहू शकतो, कारण मधली वाट अडलेली आहे. अर्ज भरावयाचा कोठे, कागद कोणता कमी पडला, बँकेने नकार का दिला, हे सांगणारे कोणी नसते. ज्या संस्थांनी हे सांगावयाचे त्या निकामी करून ठेवल्या आहेत. १९९३ साली अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी एकोणतीस विषयांची जी अनुसूची जोडली, तिच्यात लघुउद्योग, खादी व ग्रामोद्योग, तसेच बाजार व जत्रा हे विषय स्पष्टपणे नमूद आहेत. म्हणजे गावच्या लहान व्यवसायाची चिंता घटनेने पंचायतीच्या पदरात घातली आहे. प्रत्यक्षात काय झाले? फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या वर्धा जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तेथे प्रशासकाचा कारभार राहिला. जिल्हा परिषदेत सदस्यच नाही म्हटल्यावर आंजीच्या कारागिराने जावयाचे कोणाकडे? साहजिकच तो आमदाराच्या कार्यालयात जातो. निवडणुका लांबविल्या गेल्या तेव्हा किती आमदारांनी विधानसभेत आवाज उठविला, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. पंचायतीचे दार बंद राहिले की आमदाराच्या दाराशी गर्दी होते, हा योगायोग नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. ज्या विधवेला आज शिवणयंत्र मिळाले तिच्या घरी आज चूल पेटते. तिला व्यवस्थेवरील व्याख्यान ऐकवून काय लाभ? आक्षेप रास्त आहे. शिवणयंत्र नाकारा असे कोणीही शहाणा कार्यकर्ता सांगणार नाही. परंतु जी वस्तू शंभर जणींचा हक्क आहे ती दहा जणींना कृपा म्हणून मिळाली, तर उरलेल्या नव्वद जणी आपापसांत स्पर्धा करू लागतात, संघटित होत नाहीत. मिळालेल्या दहा जणी उपकारबद्ध होतात आणि न मिळालेल्या नव्वद आशाबद्ध. शंभरांचेही मत बांधले जाते ते असे. कृपेच्या राजकारणाचे हे अर्थशास्त्र आहे, आणि त्यात दात्याला स्वतःचा एक छदामही खर्च करावा लागत नाही.

आता मदतीच्या आकाराकडे पाहू. मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. पहिल्या दहा वर्षांत ५२ कोटींहून अधिक कर्जे आणि ३२ लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम वाटल्याचे सरकारनेच जाहीर केले. साधा भागाकार केला तर दर कर्जामागे साठ-बासष्ट हजार रुपये पडतात. एवढ्या भांडवलात टपरी उघडता येते. परंतु गिऱ्हाईकाच्या हाती पैसा नसेल तर ती चालविता येत नाही. आंजीच्या दुकानदाराचे खरे भांडवल शेतकऱ्याच्या कापसात आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी कापसाचा हमीभाव मध्यम धाग्यास क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्यास ८,११० रुपये ठरला. त्याच वेळी, ऑगस्ट २०२५ मध्ये, केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले, आणि प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत असलेली ही सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. नेमका वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस घरी येण्याचा तो काळ. कापसाचा भाव पडला की शेतकरी कापड घेत नाही, शिंप्याकडे जात नाही, मोटारसायकलची दुरुस्ती पुढे ढकलतो, किराणा उधारीवर नेतो. एका हाताने पंधरा हजारांची पेटी द्यावयाची आणि दुसऱ्या हाताने संपूर्ण बाजारपेठेची क्रयशक्ती काढून घ्यावयाची, याला लहान उद्योगांचा विकास म्हणता येत नाही.

‘लहान’ या शब्दाचेच काय झाले तेही ध्यानात घेण्यासारखे आहे. डिसेंबर १९७७ मध्ये जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी जे औद्योगिक धोरण मांडले, त्यात एक लाख रुपयांपर्यंतची यंत्रगुंतवणूक असलेल्या आणि पन्नास हजारांहून कमी लोकवस्तीच्या गावांतील उद्योगांचा ‘अतिलहान’ असा स्वतंत्र वर्ग केला गेला. लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी १८० वरून ५०४ वर नेण्यात आली आणि जिल्हा उद्योग केंद्रांची कल्पना पुढे आली. त्या धोरणात उणिवा होत्या. राखीव वस्तूंच्या यादीने काही ठिकाणी अकार्यक्षमतेलाही आसरा दिला. परंतु लहानांचे मोठ्यांपासून संरक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हे त्यात मान्य होते. पुढे ती यादी कापत कापत एप्रिल २०१५ मध्ये उरलेल्या वीस वस्तूही मोकळ्या करण्यात आल्या. आणि १ एप्रिल २०२५ पासून ‘सूक्ष्म’ उद्योगाची मर्यादा अडीच कोटी रुपये गुंतवणूक आणि दहा कोटी रुपये उलाढाल अशी झाली. आंजीचा लोहार आणि दहा कोटींची उलाढाल करणारा कारखानदार आता एकाच रांगेत उभे आहेत. बँकेचा अधिकारी त्यांपैकी कोणाला आधी बोलावील, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

बँकांची कथा वर्धा जिल्ह्याने स्वतः भोगली आहे. २०१२ साली रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना परवाना नाकारला. ज्या बँकेत गावच्या लहान माणसाची ठेव आणि शेतकऱ्याचे पीककर्ज, तिचेच व्यवहार थांबले. पुढे सरकारी भांडवल ओतून तिला उभे करावे लागले. ही दुर्गती आकाशातून पडली नाही. सहकारावरील राजकीय ताब्याचे ते फळ होते. उरली ग्रामीण बँक. तीही १ मे २०२५ पासून संपूर्ण राज्याच्या एकाच महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. आता नियम असा आहे की, व्यापारी बँकांनी आपल्या कर्जांपैकी साडेसात टक्के कर्ज सूक्ष्म उद्योगांना द्यावे. ते जिल्ह्यात दिले जाते की नाही हे पाहण्यासाठी अग्रणी बँक योजनेखाली जिल्हास्तरीय आढावा समितीची बैठक होते आणि तिला आमदारांनाही निमंत्रण असते. त्या बैठकीत हार नसतात, छायाचित्रकार नसतात; कोष्टके असतात. परंतु एका बँकशाखेने नाकारलेल्या अर्जांचा जाब तेथे विचारला, तर दहा मेळाव्यांत होणार नाही एवढे काम एका दुपारी होईल.

आणखी एक उदाहरण घ्या. २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान उत्पादकाचे बिल ४५ दिवसांच्या आत चुकते झाले पाहिजे, न झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. कायदा चांगला आहे. परंतु दाद मागणाऱ्या लहान माणसाला पुढचे काम मिळत नाही, म्हणून तो गप्प राहतो. आणि किराणा दुकानदाराचे तर काय सांगावे! जुलै २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्योग नोंदणी खुली झाली, ती केवळ अग्रक्रम कर्जापुरती; थकीत बिलाचे संरक्षण त्यांना लाभले नाही. शहरातील फेरीवाल्यांसाठी २०१४ साली कायदा झाला, त्यात समितीवर चाळीस टक्के प्रतिनिधित्व फेरीवाल्यांचे ठरले. गावच्या आठवडी बाजारात जमिनीवर बसणाऱ्या भाजीवालीला त्या कायद्याची सावलीही मिळाली नाही. या उणिवा भरून काढणे हे विधिमंडळाचे काम आहे. त्यासाठी अशासकीय विधेयक आहे, तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे. ही सारी हत्यारे म्यानात ठेवून आमदार गावोगाव कात्री घेऊन फिती कापीत हिंडतो, हे दृश्य शोभादायक नाही.

त्यात आमदार निधीची भर पडली आहे. दरवर्षी एका आमदाराला दोन कोटी मिळत होते, ते २०२० नंतर टप्प्याटप्प्याने वाढून पाच कोटी झाले. विधानसभेच्या २८८ सदस्यांचाच हिशेब केला तर वर्षाला १,४४० कोटी रुपये होतात. हा पैसा सभामंडप, प्रवेशद्वारे आणि रस्त्यांच्या तुकड्यांत जातो, आणि प्रत्येक कामावर नाव लागते ते आमदाराचे. खासदार निधीविषयी दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्येच सांगितले होते की, ही पद्धत बंद करावी, कारण जो कारभारावर देखरेख ठेवावयाचा तोच कारभारी बनतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ती योजना घटनाबाह्य ठरविली नाही हे खरे. परंतु घटनाबाह्य नसणे आणि लोकशाहीस हितकारक असणे यांत अंतर आहे.

लोकप्रतिनिधीने गरिबांसाठी काय करावे याचा धडा याच महाराष्ट्राने एकदा देशाला दिला आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातील विसापूर येथे रोजगाराच्या हमीचा प्रयोग मांडला. त्यांनी मजुरांना बोलावून मेळाव्यात फावडी वाटली नाहीत. त्या प्रयोगाचा पाठपुरावा होत १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, त्यासाठी व्यवसाय कर बसविण्यात आला, आणि २००५ मध्ये त्याच धर्तीवर संसदेने देशासाठी कायदा केला. १९६९ चा माथाडी कायदा हाही असाच. हमालाला कोणापुढे हात जोडावे लागू नयेत म्हणून तो झाला. जेथे मदत कायद्यात रूपांतरित होते तेथे माणूस ताठ उभा राहतो, आणि जेथे ती व्यक्तीच्या मर्जीत राहते तेथे तो वाकतो.

परंतु आमदारांवर टीका करून कार्यकर्त्यांना हात झटकता येणार नाहीत. ज्या वर्ध्यात डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेथेच जे. सी. कुमारप्पा यांनी गावच्या धंद्यांचा शास्त्रीय विचार केला. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणी समितीचे काम करताना त्यांनी सहाशेहून अधिक गावांची पाहणी करविली. आधी गाव मोजा, मग योजना करा, ही त्यांची शिस्त होती. आज आंजीत किती शिंपी आहेत, किती जणांनी कर्ज मागितले, किती जणांना का नाकारले, याची यादी कोणत्या कार्यकर्त्याच्या वहीत आहे? नसेल तर ती आमदाराच्या कार्यालयातील संगणकात असणारच, आणि ज्याच्याजवळ यादी त्याच्याजवळ गाव.

म्हणून कार्यक्रम साधा आहे. गावातील लहान व्यावसायिकांची नोंद करावी. नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण बँकेकडून लेखी मागावे. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत वाचली जावी आणि निवडीचा निकष भिंतीवर लागावा, असा ठराव करवावा. गावच्या बाजारात बसणाऱ्यांसाठी कायदा करा, अशी मागणी आमदाराकडे लेखी नोंदवावी आणि पुढच्या अधिवेशनात त्याने काय विचारले ते परत गावात येऊन सांगावे. मेळावा झाला तर तेथेही जावे. शिवणयंत्र घेणाऱ्या भगिनीला घेऊ द्यावे. फक्त तिला एवढे सांगावे की, बाई, हे तुमचेच आहे; आभार मानू नका, पावती मागा.