पाणबुड्याचं घड्याळ आणि मावळातला पाऊस

समुद्रात तीनशे मीटर खोलीपर्यंत तग धरेल अशी हमी असलेलं घड्याळ पावसाची पहिली सर आली की खिशात जातं. मावळात हे आता इतकं सर्रास झालंय की त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मला वाटतं. या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट उतरत होते. गणेश दरवाजाच्या अलीकडे एका गृहस्थांनी मनगटावरचं रोलेक्सचं सबमरीनर काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि ती सॅकच्या तळाशी कोंबली. मोबाइल हातातच राहिला. मळवलीहून लोकल किती वाजता आहे याची चर्चा चालू होती, आणि वेळ बघायची ती मोबाइलवर, ओल्या बोटांनी स्क्रीन पुसत.

कुकरच्या शिट्टीवर आणि छत्रीच्या काड्यांवर लिहिलं तेव्हा मी जे म्हटलं होतं तेच इथेही म्हणणार आहे. जी वस्तू ज्या कामासाठी घडवली, ते काम तिच्याकडून काढून घेतलं की ती वस्तू उरत नाही. फरक इतकाच की इथे वस्तू दहा लाखांच्या आसपासची आहे आणि तिचं काम काढून घेणारा तिचा मालकच आहे.

या घड्याळांचा जन्मच मुळात मार खाण्यासाठी झाला. रोलेक्सने १९२६ मध्ये पाणी आत न शिरणारी ऑयस्टर केस आणली. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ही तरुणी ते घड्याळ गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीच्या थंडगार पाण्यात तासन्‌तास पोहली, तेव्हा लोकांचा विश्वास बसला. सबमरीनर १९५३ चं, पाणबुड्यांसाठी. आणि खेळाच्या घड्याळाचा एक मोठा धागा तर आपल्याच देशात सापडतो. भारतातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा पोलो खेळताना फुटत होत्या. त्यावर तोड म्हणून १९३१ मध्ये रिव्हर्सो आलं. त्याची केस उलटी फिरवली की काच मनगटाकडे जाते आणि धातूची पाठ बाहेर येते. पुढे १९७२ मध्ये जेराल्ड जेंटाने रेखाटलेलं रॉयल ओक आलं आणि स्टीलचं घड्याळ सोन्याच्या भावात विकलं जाऊ लागलं. ते घड्याळ चैनीचं झालं, तरी त्याच्या चेहऱ्यावरचे आठ स्क्रू पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरून आले होते. कष्टाची आठवण त्यातून पुसली गेली नव्हती. ती पुसली मालकांनी.

आता याच मावळातलं दुसरं घड्याळ आठवा. एचएमटी जनता किंवा एचएमटी पायलट. बंगळुरूच्या सरकारी कारखान्यात १९६१ पासून जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनू लागली आणि बघता बघता ती या खोऱ्यातल्या मनगटामनगटावर पोचली. लग्नात सासऱ्याने जावयाला दिलेलं, दहावी पास झाल्यावर मामाने आणलेलं, निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेलं. रोज सकाळी चावी द्यायची, सतरा ज्युवेलची यंत्रणा, वर ॲक्रिलिकची काच, डायलवर बारीक अक्षरात ‘पॅराशॉक’. म्हणजे धक्क्यापासून थोडं संरक्षण. समुद्राच्या तळाशी जायची हमी त्याच्याबरोबर कधीच नव्हती.

आणि तरी ते घड्याळ पावसात होतं. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या लोणावळ्यात आणि पवनेच्या काठच्या गावांत ते आषाढभर मनगटावर असायचं. कर्जतहून गाड्यांना मागून रेटत घाट चढवणाऱ्या बँकर इंजिनांवरच्या माणसांच्या हातात असायचं, चिक्कीच्या कढईपाशी उलथनं फिरवणाऱ्यांच्या हातात असायचं. भातलावणीच्या दिवसांत चिखलात हात घालताना माणसं ते फार तर कोपराकडे सरकवून घट्ट करत. काचेच्या आत वाफ धरायची, काटे धूसर दिसायचे, एखाद्या जोराच्या पावसात बंदही पडायचं. पण ते पिशवीत गाठ मारून ठेवलेलं मी कुणाच्याच घरी पाहिलं नाही.

म्हणजे ज्याला पाण्याचं वावडं होतं ते घड्याळ पावसात फिरलं, आणि जे पाण्यासाठीच जन्मलं ते सॅकमध्ये लपलं. याचं उत्तर लोक किमतीत शोधतात. स्वस्त वस्तूची काळजी कोण करतो, म्हणतात. मला हे पटत नाही. ज्या घरात वर्षाचा रोख पैसा भाताच्या विक्रीतून एकदाच यायचा, तिथे एचएमटी ही स्वस्त वस्तू नव्हती. तिच्यासाठी पैसे साठवावे लागत. ते घड्याळ हरवलं तर घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरायची.

खरा फरक बाजारपेठेतल्या एका टेबलापाशी होता. त्या टेबलावर काचेची पेटी, पेटीत चिमटे, पातळ टोकाचे स्क्रूड्रायव्हर, पेट्रोलची वाटी, तेलाची चिमुकली कुपी. घड्याळजी एका डोळ्याला भिंग लावायचा, पातीने पाठ उचकटायचा आणि आधी नुसतं बघायचा. पाणी शिरलं असेल तर यंत्रणा बाहेर काढून बल्बच्या उबेत सुकवायचा. गंज चढायला लागला असेल तर भाग सुटे करून पेट्रोलमध्ये धुवायचा, ज्युवेलच्या खाचांत तेलाचा कणभर थेंब सोडायचा. काचेवरचे ओरखडे टूथपेस्टने घासून घालवायचा. चावीची दांडी झिजली असेल तर डबीतून दुसरी काढायचा, कारण एका एचएमटीचा भाग दुसऱ्या एचएमटीला बसायचा. दोन दिवसांत घड्याळ परत मनगटावर, आणि खर्च एका दिवसाच्या मजुरीच्या आसपास.

घड्याळाची हिंमत स्टीलच्या केसमध्ये नसते, ती त्या टेबलावर असते. बिघडलं तर आपल्या गावात, आपल्या ओळखीच्या माणसाकडून, आपल्याला झेपेल अशा पैशात नीट होईल ही खात्री माणसाला वस्तू वापरायला लावते. ती खात्री गेली की तीनशे मीटरचा आकडा नुसता डायलवर राहतो.

आज ती खात्री कुठे आहे? बड्या स्विस कंपन्यांपैकी बऱ्याच जणी स्वतंत्र कारागिराला सुटे भाग देतच नाहीत. अधिकृत केंद्रात घड्याळ द्यायचं, ते आठवडेच्या आठवडे तिथे राहणार आणि सर्व्हिसिंगचं बिल हजारांच्या घरात जाणार. तळेगावचा किंवा कामशेतचा माणूस या हिशोबाला घाबरतो, त्यात त्याचा दोष नाही. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं घेतली. घड्याळाचा वेगळा विचार कुणी केला नाही. एचएमटीचा घड्याळ कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ च्या जानेवारीत झाला तेव्हा आपण हळहळलो ती घड्याळासाठी. त्या घड्याळावर पोट भरणारी टेबलं एकेक करून उठत गेली, त्यासाठी कुणी हळहळलं नाही.

दुसरी भीती मात्र मी मान्य करणार नाही, ती म्हणजे पुनर्विक्रीची. ओरखडा पडला तर भाव उतरेल, म्हणून खोका जपायचा, कागद जपायचे, घड्याळ लॉकरमध्ये ठेवायचं आणि साखरपुड्याला बाहेर काढायचं. जुन्या घड्याळांच्या जागतिक बाजारात २०२२ च्या सुरुवातीला भाव आभाळाला भिडले आणि नंतर घसरले. नफ्यासाठी म्हणून त्या शिखरावर घेऊन ज्यांनी घड्याळं कुलपात ठेवली, त्यांच्या हाती नफाही आला नाही आणि वापरही झाला नाही. मावळात तर याला आणखी एक बाजू आहे. इथे बऱ्याच मनगटांवरचं घड्याळ जमिनीच्या पैशातून आलंय. पिढ्यान्‌पिढ्या कसलेलं शेत गेलं, त्याच्या बदल्यात आलेली वस्तू उरलेल्या शेताच्या बांधावरसुद्धा जाऊ शकत नसेल, तर या व्यवहारात आपण दोनदा हरलो असं मी मानतो. पैसा कुणाचा आणि कुठून आला यावर माझा आक्षेप नाही. घड्याळ घेतलंत ना, मग घाला.

आणि रोज घालण्यात अडचण काहीच नाही, हे मी वापरणाऱ्यांकडे पाहूनच सांगतो. चावी पिळून पक्की बंद आहे ना, एवढं घराबाहेर पडताना बोटाने तपासा. या घड्याळांत पाणी शिरतं ते बहुतेक वेळा तारीख बदलून चावी तशीच सैल सोडल्यामुळे किंवा सील म्हातारं झाल्यामुळे. चामड्याचा पट्टा लोणावळ्याच्या हवेत बुरशी धरतो, म्हणून पावसाळ्यात स्टीलची साखळी किंवा रबर. गड चढताना मनगट फुगतं, तेव्हा साखळीचा चाप एक खाच सैल करा. घरी आल्यावर साबणाचं कोमट पाणी आणि जुना मऊ टूथब्रश घेऊन साखळीच्या कड्यांतला चिखल काढा. गीझरच्या कढत पाण्यापासून मात्र दूर ठेवा, सीलला ते मानवत नाही. लॅपटॉपच्या बॅगेचं किंवा मोबाइलच्या कव्हरचं चुंबक लागून घड्याळ अचानक पुढे पळायला लागलं तर घाबरू नका. चुंबकत्व उतरवायचं काम काही सेकंदांचं असतं.

पाणबुड्याच्या घड्याळाभोवतीची फिरती कडी तर गडवाटेसाठीच केल्यासारखी आहे. भाज्यातून निघताना कडीवरची खूण मिनिटकाट्यावर आणा. गायमुख खिंडीत पोचलात की किती वेळ लागला ते कडीच सांगते, आणि परतीची लोकल गाठता येईल की नाही याचा अंदाज तिथेच बांधता येतो. त्यासाठी मोबाइल लागत नाही, रेंज लागत नाही.

वेळेच्या अचूकतेसाठी हे घड्याळ घ्यावं असं कुणी म्हणू नये. त्यातली उत्तम यंत्रणा दिवसाला दोन सेकंदांच्या आत राहते, आणि टायटनचं साधं क्वार्ट्झ महिन्याभरात जेमतेम पंधरा-वीस सेकंद चुकतं. मार खायचाच असेल तर १९८३ पासून जी-शॉक काही हजारांत मिळतंय आणि ते कशालाही भीत नाही. म्हणून ज्याला ओरखड्याची भीती आहे त्याने सबमरीनर घेऊ नये, जी-शॉक घ्यावं आणि निर्धास्त फिरावं. दहा लाख देऊन माणूस भीती विकत घेतो, हे मला सहन होत नाही.

स्वित्झर्लंड ज्यात आहे त्या एफ्टा देशांशी केलेला आपला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि स्विस घड्याळांवरचा आयातकर टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. दुकानं वाढतील, मनगटं वाढतील. माझी मागणी साधी आहे. घड्याळं येऊ देत, पण त्यांच्या मागोमाग सुटे भाग आणि ते बसवायला शिकलेले हातही आले पाहिजेत. आयटीआयमध्ये घड्याळ दुरुस्तीचं शिक्षण जोमाने सुरू करा, शिकलेल्या मुलांना कंपन्यांनी भाग विकलेच पाहिजेत असा नियम करा. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत मायक्रॉनमध्ये काम करणारी मावळातली मुलं हे काम शिकू शकणार नाहीत असं मला कुणी सांगू नये.

तोवर घेणाऱ्यांनी एवढं करावं. पैसे मोजण्याआधी दुकानात विचारा: हे पुण्यात कोण उघडणार, किती दिवस लागणार, सील बदलायचे किती पडणार? नीट उत्तर मिळालं नाही तर पाकीट उघडू नका. आणि घेतलंत, तर पावसाआधी आपण कौलं चाळून घेतो तसं दरवर्षी मे महिन्यात सील आणि चावीची प्रेशर टेस्ट करून घ्या. मिरगाची पहिली सर येईल तेव्हा घड्याळ मनगटावर असलं पाहिजे.