मोहाखालचा प्रश्न

किनवट तालुक्यात उन्हाळा लागला की मोह फुलतो. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो आणि बायापोरं टोपल्या घेऊन वेचायला निघतात. ही फुलं रात्रीतूनच का गळतात, असं एखाद्या पोरानं वर्गात विचारलं तर? बहुतेक गुरुजी मोबाइलवर उत्तर शोधून फळ्यावर लिहून देतील.

घोडं तिथंच पेंड खातं.

इंटरनेटवर उत्तरांना तोटा नाही. मुलांना कामाला लावणारं साहित्य मात्र निवडून घ्यावं लागतं. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-मंचावर पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड नेतो खरा, पण तिथले पुष्कळसे व्हिडिओ धडाच पुन्हा समजावतात. त्यापेक्षा अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ उघडावं. टाकाऊ वस्तूंची खेळणी आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं तिथं फुकट आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. एकदा उतरवून घेतली की त्यांतली बरीचशी नेटविना चालतात. रेंजसाठी गच्ची गाठावी लागणाऱ्या शाळांना हे मोलाचं. ‘सीझनवॉच’ या झाडांच्या नोंदींच्या उपक्रमात तर मुलांनी एक झाड निवडून त्याची पालवी, फुलं, फळं दर आठवड्याला नोंदवायची असतात.

मोहाचंही तसंच करता येईल: झाडाखाली चादर अंथरायची, संध्याकाळी आणि पहाटे फुलं मोजायची, शेजारी तापमान लिहायचं.

असं साहित्य चाळून बघायला शिक्षकाला वेळ कुठाय? शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतला एक तास अहवालांऐवजी यालाच द्यावा.