दशावतार आणि डार्विन : एका सोयीस्कर समजुतीचा समाचार

परप्रांती राहणाऱ्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात व्याख्याने होतात, आणि त्यांत विज्ञानाचा विषय निघाला की एक विधान हमखास ऐकावयास मिळते : डार्विनने १८५९ साली जे सांगितले, ते आमच्या पुराणकारांनी दशावतारांच्या रूपाने केव्हाच सांगून ठेवले आहे. मत्स्य म्हणजे जलचर, कूर्म म्हणजे उभयचर, वराह म्हणजे भूचर, नरसिंह म्हणजे अर्धा पशू नि अर्धा मनुष्य, वामन म्हणजे ठेंगणा आदिमानव, झाला उत्क्रांतिवाद! टाळ्या पडतात आणि मंडळी कॉफीपानाकडे वळतात. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे तो या टाळ्यांना.

हे समीकरण निरुपद्रवी आहे असे पुष्कळांना वाटते. परंतु जानेवारी २०१९ मध्ये जालंधर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावरून एका विद्यापीठाच्या कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनच्या उपपत्तीहून सरस असल्याचे प्रतिपादन केले. उत्सवाच्या मांडवातील गोष्ट शास्त्रज्ञांच्या परिषदेत जाऊन बसली, ती आपल्या टाळ्यांच्या बळावरच.

प्रथम या शोधाचे पितृत्व पाहू. पुराणांवर शतकानुशतके टीका लिहिल्या गेल्या, कीर्तने झाली, प्रवचने झाली. मग एकाही भाष्यकाराला दशावतारांत जीवसृष्टीची क्रमवारी १८५९ पूर्वी का दिसली नाही? हे साम्य ग्रंथात मांडले गेले १८७७ साली, न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस अनव्हेल्ड’ या पुस्तकात. आणि त्याच्या कर्त्या होत्या थिऑसॉफीच्या प्रवर्तक मॅडम ब्लाव्हाट्स्की, म्हणजे एक रशियन विदुषी. पुढे १८८२ साली बंगालमध्ये केशवचंद्र सेन यांनीही त्याचा पुरस्कार केला. ज्याला आपण वडिलोपार्जित ठेवा म्हणून मिरवतो, तो असा डार्विननंतरचा आणि परदेशातून आलेला माल आहे.

बरे, तो खरा तरी आहे काय? कासव उभयचर नव्हे, ते सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातले. सिंह माणसाच्या वंशावळीत कोठेच येत नाही. परशुराम आणि राम या दोन ‘टप्प्यांची’ तर समोरासमोर भेट होते! राम, कृष्ण, बुद्ध हे सारे पूर्ण मनुष्य. त्यांच्यात शरीराची कोणती उत्क्रांती झाली? आपल्याकडील जुन्या पंचांगांच्या चित्रांत नववा अवतार म्हणून विटेवरचा विठ्ठल काढीत. त्याला या सोपानावर कोणत्या पायरीवर उभे करावयाचे, हे व्याख्यात्यांनी एकदा सांगावे. आणि पृथ्वीवरील जीवनाचा निम्म्याहून अधिक काळ ज्यांनी व्यापला, त्या सूक्ष्मजीवांचा अवतार कोणता?

परंतु क्रम चुकला हा गौण दोष आहे. डार्विनचे आणि वॉलेसचे मोठेपण क्रम लावण्यात नाही, कारण सांगण्यात आहे. प्रत्येक पिढीतील जीवांत थोडेथोडे भेद असतात. परिस्थितीला जे भेद मानवतात ते धारण करणाऱ्यांची संतती अधिक उरते. आणि हे कोटी कोटी वर्षे चालत राहिले म्हणजे एका जातीतून दुसरी घडते. यात कोणाची योजना नाही, हेतू नाही. उलट अवतारकल्पनेचा प्राणच हेतू हा आहे. धर्माला ग्लानी आली म्हणजे परमेश्वर जाणूनबुजून अवतरतो, हे तिचे मर्म. तिच्यातून हेतू काढून टाकला तर उरते ती प्राणिसंग्रहालयाची यादी. तेव्हा दशावताराला उत्क्रांतिवाद म्हणणारा डार्विनचा अपमान करतो हे तर खरेच; पण पुराणांचा त्याहून अधिक करतो.

या मंडळींच्याच शेजारी दुसरा एक पक्ष उभा आहे. त्याला उत्क्रांतिवाद आपला नको आणि परकाही नको. तो मुळी खोटाच आहे असे त्याचे म्हणणे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे (आता ते छत्रपती संभाजीनगर) तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी सांगितले की, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी लिहिलेले वा सांगितलेले नाही, सबब डार्विन चूक. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून याचा निषेध केला. उत्क्रांतिवाद आजच्या माकडापासून माणूस झाला असे म्हणतच नाही. सुमारे ६० ते ७० लक्ष वर्षांपूर्वी चिंपांझीचा आणि आपला मार्ग एका समान पूर्वजापासून वेगळा झाला, असे तो म्हणतो. पण आमचे कुतूहल निराळे आहे. वक्ते पूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसला तर खून झालाच नाही, असा शेरा त्यांनी कधी कागदावर मारला असेल काय? (लेखक सेवानिवृत्त असल्यामुळे हा प्रश्न विचारण्याची त्याला मुभा आहे, सेवेत असणाऱ्यांनी तो मनात विचारावा.)

‘पहिला जीव कसा झाला ते तरी कोठे सांगता येते?’ असा प्रश्न मग फेकला जातो. तो वेगळा प्रश्न आहे, आणि तो पूर्णपणे सुटलेला नाही हे विज्ञान स्वतःच सांगते. १९२४ साली ओपारिनने आणि १९२९ साली हॉल्डेनने, निर्जीव द्रव्यांतून रासायनिक क्रियांनी जीव उद्भवला असावा, अशी कल्पना मांडली. १९५३ साली मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांतून विजेच्या ठिणग्या सोडून अमिनो आम्ले मिळाल्याचे प्रसिद्ध केले. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या उल्केतही ती आढळली. तेथून स्वतःची प्रतिकृती घडविणाऱ्या पेशीपर्यंतचा रस्ता अजून शोधला जात आहे. पण पहिला जीव कसा आला हे ठाऊक नाही म्हणून त्यापुढील साडेतीन अब्ज वर्षांचा इतिहास खोटा ठरत नाही. मूळ सनद सापडत नाही म्हणून गावच नाही असे कोणता तहसीलदार म्हणेल? हॉल्डेन तर १९५७ मध्ये कलकत्त्यास येऊन राहिले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. अभिमान बाळगावयाचाच तर तो अशा माणसाला हा देश आपला वाटला याचा बाळगावा.

या साऱ्याची झळ आपल्या घरापर्यंत पोचली आहे. आपल्यापैकी बहुतेकांची मुले, बदल्यांमुळे, केंद्रीय विद्यालयांत शिकतात. त्यांच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असा पाठ होता. २०२३ साली त्यातून उत्क्रांती वगळण्यात आली आणि केवळ ‘आनुवंशिकता’ उरली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रक काढले. महासाथीनंतर अभ्यासाचा भार हलका केला, बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहेच, असा खुलासा झाला. परंतु दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलांचे काय? उद्याचे अभियंते, हिशेबतपासनीस, आणि आपल्याच खुर्च्यांवर बसणारे अधिकारी त्यांतूनच यावयाचे आहेत.

विशेष म्हणजे पुरावा आपल्याच बदलीच्या गावांत पडला आहे. कच्छच्या रखरखीत भूमीत प्राचीन देवमाशांचे जीवाश्म सापडतात. जम्मूकडील कालाकोट येथे भूवैज्ञानिक ए. रंगराव यांनी गोळा केलेल्या दगडांत सुमारे ४ कोटी ८० लक्ष वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, खुरांचा प्राणी निघाला : इंडोह्यूस. रंगरावांच्या निधनानंतर ते दगड अमेरिकेतील संशोधक थेविसेन यांच्या हाती आले. साफसफाई करताना एक कवटी चुकून फुटली, आणि आत कानाचे जे हाड दिसले त्याची ठेवण देवमाशाची होती. २००७ साली हा शोध प्रसिद्ध झाला. खुरांचे चतुष्पाद पाण्यात उतरले आणि त्यांच्या आप्तवंशातून देवमासे झाले, ही कथा मत्स्यापासून वराहाकडे जात नाही. नेमकी उलट्या दिशेने जाते!

केंद्रीय विद्यालयांच्या व्यवस्थापन समित्यांवर या अंकाचे अनेक वाचक बसतात. काहींकडे तर अध्यक्षपदही असते. पाठ्यपुस्तक बदलणे समितीच्या हाती नाही. परंतु ग्रंथालयासाठी उत्क्रांतीवरील चार चांगली पुस्तके सुचविणे आणि जीवशास्त्राच्या शिक्षकांनी दहावीच्या मुलांना दोन तास हा विषय सांगावा अशी विनंती प्राचार्यांना करणे, एवढे निश्चितच शक्य आहे. भुजला वा जम्मूला असलेल्यांनी मुलांची सहल कोठे न्यावी, हे वेगळे सांगावयास नको.