वणव्याची सूचना ग्रामसभेला द्या

सुरतमधल्या कतारगामच्या जलशुद्धीकरण केंद्रात येणारे पाणी तापीचे. ही तापी उकाईच्या जलाशयात शिरते ती सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचे ओढे-नाले पोटात घेऊन. त्याच उतारांवर, तळोदा-अक्कलकुव्याच्या बाजूला, उन्हाळ्यात वणवे लागतात. पाचोळा जळून जमीन उघडी पडली की पहिल्या जोरदार पावसात माती खाली वाहू लागते. म्हणून तिथला वणवा सुरतकरांचाही प्रश्न आहे, आणि उपग्रहाने टिपलेली आग कोणाला कळते, हे विचारायचा हक्क आपल्यालाही आहे.

आग दिसतच नाही, अशी आज स्थिती नाही. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे वणव्यांच्या सूचना देत आली आहे. ‘मोडिस’ या उपग्रहावरच्या संवेदकाचा एक ठिपका १ किलोमीटरचा, म्हणजे १०० हेक्टरांचा, नंतर आलेल्या ‘व्हिअर्स’चा ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टरांचा. सुधारणा मोठीच आहे. पण हे उपग्रह एकाच जागेवरून दिवसा-रात्री मोजक्याच वेळा जातात, आणि आपल्याकडचा वणवा बहुधा जमिनीलगत, पाचोळ्यातून सरकणारा असतो. दोन फेऱ्यांच्या मधे तो टेकडी ओलांडून गेलेला असतो. इन्सॅट मालिकेतले उपग्रह सतत पाहतात, पण त्यांचा ठिपका ४ किलोमीटरचा; त्यात लहान आग हरवते. ठिपका आगीची जागा सांगतो. वारा कोणत्या नाळेतून चढेल आणि जाळपट्टा कुठे काढावा, हे त्या डोंगरात वावरणाऱ्यालाच कळते. तेव्हा सूचना वनखात्याबरोबरच, त्याच क्षणी, ग्रामसभेकडे गेली पाहिजे.

यावर ठरलेला आक्षेप असा, की आगी गावकरीच लावतात. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही जाळतात, हे खरे आहे. पण आग कुठे आणि कशासाठी लागते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनाच वगळून ती आवरणार कशी? २००६ च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने वनरक्षणाचे अधिकार ग्रामसभेला दिलेलेच आहेत. अधिकार द्यायचा आणि माहिती रोखायची, हे बरोबर नाही.

मला खरी अडचण वेगळीच वाटते. वणव्यांच्या महिन्यांत नंदुरबार आणि डांगमधली अनेक कुटुंबे बारडोलीकडे ऊसतोडीला आलेली असतात. धावून जाणारे हातच गावात नसतील, तर मोबाइलवरची सूचना वाचणार कोण? त्यासाठी फेब्रुवारी ते मे ग्रामसभेने नेमलेल्या आगराख्यांना ऊसतोडीइतकी मजुरी मिळायला हवी, आणि तापीचे पाणी पिणाऱ्या सुरत महानगरपालिकेने त्या खर्चाचा वाटा उचलावा. किती रान जळाले याचा हिशेब सेंटिनेल-२ उपग्रहांच्या २० मीटरच्या चित्रांवरून जूनपूर्वी मांडता येतो. पानगळीच्या जंगलात तो जागेवर जाऊन पडताळावा लागेल, आणि ते कामही त्याच आगराख्यांकडे द्यावे.