दोन पॉइंटमधले पंचवीस सेकंद

२०१२च्या ऑस्ट्रेलियन ओपनची अंतिम लढत ५ तास ५३ मिनिटे चालली. बक्षीस समारंभात जोकोविच आणि नदाल यांना उभे राहणे जड जाऊ लागले, तेव्हा दोघांसाठी खुर्च्या आणाव्या लागल्या. असे सामने पाहिले की आपल्यापैकी बरेच प्रशिक्षक एकच निष्कर्ष काढतात: स्टॅमिना वाढवा. आणि मुलांना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावतात.

एकेरीच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो एकूण वेळेच्या जेमतेम पाचवा हिस्सा. क्ले कोर्टवर थोडा जास्त, वेगवान कोर्टवर आणखी कमी. बहुतेक रॅली दहा सेकंदांच्या आत संपतात. तेवढ्यात खेळाडू आठ-बारा मीटर धावतो, तीन-चार वेळा दिशा बदलतो, आणि मग त्याला जास्तीत जास्त २५ सेकंद मिळतात. स्नायूंना झटपट ऊर्जा देणाऱ्या फॉस्फोक्रिएटिनचा खर्च झालेला साठा निम्मा भरून यायलाच साधारण अर्धे मिनिट लागते, आणि तो भरण्याचे काम प्राणवायूवर चालते. म्हणजे दमसास हवाच, पण तो मुख्यतः पुढच्या पॉइंटला ताजेतवाने उभे राहण्यासाठी. फेऱ्यांनी दमसास वाढेल. करकचून थांबणे आणि उलट्या दिशेने झेपावणे त्यातून येणार नाही.

हृदयगतीच्या सरासरीवरही विसंबू नका. ती कमाल गतीच्या साठ ते ऐंशी टक्के दिसते आणि सगळे आलबेल वाटते. पॉइंट संपल्यावर २५ सेकंदांत ठोके किती उतरले, ते पाहा. पहिल्या सेटमधला उतार आणि तिसऱ्यातला उतार शेजारी-शेजारी मांडा.

थकवा डोळ्यांनाही दिसतो, तो सर्व्हिसमध्ये. गुडघे कमी वाकतात, चेंडू खाली आल्यावर रॅकेट पोहोचते, पायांकडून न आलेला जोर खांदा भरून काढतो. आपण मात्र ‘सर्व्हिस बिघडली’ म्हणून ग्रिप तपासतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच खांद्याकडून टोपलीभर जादा सर्व्हिस करून घेतो. दुखापती अशाच ओढवून घेतल्या जातात. थकल्या होत्या मांड्या!

आपल्याकडे सुट्टीतल्या स्पर्धा एप्रिल-मेच्या उन्हात होतात. तासाला एक ते अडीच लिटर घाम जाऊ शकतो, आणि प्रत्येक मुलाचे प्रमाण वेगळे. सामन्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलोची घट म्हणजे जवळपास एक लिटर पाणी. पन्नास किलोच्या मुलाची ती दोन टक्के झाली, आणि तिथून खेळ घसरू लागतो. जे गेले त्यात मीठही होते, म्हणून नुसते पाणी ढोसायला लावू नका. त्याच दिवशी दुसरा सामना असेल तर खाण्यापिण्याला आणि सावलीत बसायला पुरेसा वेळ मिळालाच पाहिजे. तो आयोजकांकडे आधीच मागून घ्या. सामना पुकारल्यावर हुज्जत घालून काही मिळत नाही.