फुटकी भांडी कोणासाठी?

मुंबईच्या पदपथावर वर्षानुवर्षे संसार मांडलेल्या कुटुंबास पुनर्वसनाची खोली मिळते, तेव्हा किल्ली हाती पडते. परंतु त्या रात्री भात कशात शिजवावा आणि मुलांस कशावर निजवावे, हा प्रश्न तसाच राहतो. 1981 च्या भर पावसाळ्यात शासनाने पदपथावरील झोपड्या उठविण्याचे ठरविले. त्यातून निघालेल्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलै 1985 रोजी उपजीविकेचा हक्क हा संविधानाच्या कलम 21 मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. तत्त्व थोर खरे. पण त्याच निकालाने पावसाळा संपल्यावर झोपड्या हटविण्याची मुभाही दिली! अशा पाडापाडीत हंडा, तवा, अंथरूण यांची धूळधाण होते.

या वस्तूंचे मोल कायदा जाणतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908, कलम 60 अन्वये ऋणको कितीही बुडालेला असो, त्याचे व त्याच्या बायकामुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण यांवर धनकोस जप्ती आणता येत नाही. सर्वस्व गेले तरी माणसाजवळ जे उरलेच पाहिजे असे कायदा म्हणतो, तेच या कुटुंबांजवळ नसते. ते पुरविण्याचे काम आमच्या विहारांनी आणि महिला मंडळांनी का पत्करू नये?

मात्र येथे एक इशारा देणे आम्हांस भाग आहे. दान म्हटले की पुष्कळांचा हात माळ्याकडे जातो. चेपलेले पातेले, कान तुटलेली कढई, ढेकणांची गादी! बंधुभगिनींनो, मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांसाठी काय नेमून दिले होते? गावाबाहेरची वस्ती, प्रेतावरची वस्त्रे आणि जेवावयास फुटकी भांडी. ज्या ग्रंथाची होळी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली 25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे झाली, त्याचाच नियम आपण दानाच्या नावाने दुसऱ्याच्या दारी पोचवावा काय? अंगुत्तर निकायात असत्पुरुषाच्या दानाची लक्षणे सांगितली आहेत. अनादराने देणे आणि टाकाऊ वस्तू देणे ही दोन्ही त्यांत आहेत.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882, कलम 122 प्रमाणे घेणाऱ्याने स्वीकार केल्यावाचून दान पुरे होत नाही. म्हणजे नाकारण्याचा हक्क त्याला आहे. गरजवंत माणूस तो तोंडाने बजावीत नाही, म्हणून विचारण्याचे कर्तव्य देणाऱ्यावर येते. घरच्या बाईस आधी विचारावे. ती कदाचित सांगेल की पातेली पुरे, पाण्यासाठी झाकणाचे पिंप हवे. किंवा सर्वांआधी दारास कुलूप हवे, कारण कुलूप लावण्याजोगे दारच तिला आजवर नव्हते. वाटपाची छायाचित्रे काढण्याची हौस असेल त्यांनी घरीच बसावे.

कुकर द्यावयाचा तर रबरी रिंग नवी बसवून, पंखा चालवून पाहून, चादरी धुऊन द्याव्यात. आणखी एक गोष्ट. भांड्यांवर नाव घालण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे. दात्याचे नाव कोरलेले भांडे शक्यतो देऊ नये. वर्गणी करून नवे घेतले, तर त्यावर नाव घालावे ते त्या घरच्या बाईचे, आणि तेही तिला विचारून.